भाडं कमी करून मागायचंय, तर नेमकं कोर्ट कोणतं?

भाडेपावती (धागाकर्ता)

हा प्रश्न इतर धाग्यांवर सतत अर्धवट येतो आणि तसाच विरतो, म्हणून वेगळा धागा. जुन्या भाडेकरूला वाटतं की मालक घेतोय ते भाडं कायद्यात बसतं त्यापेक्षा जास्त आहे. किंवा नळ बंद, जिन्यात दिवा नाही, छत गळतंय, तर भाडं कमी व्हायला हवं. अर्ज करायचा कुठे? एक जण सांगतो तहसीलदार, दुसरा ग्राहक मंच, तिसरा नुसतंच 'दिवाणी कोर्ट'. चौथा तर म्हणतो, भाडं भरूच नका, तोच जाईल कोर्टात.

चर्चेसाठी नमुना धरू : पुण्यात पेठेतल्या वाड्यात दोन खोल्या, १९८४ पासून राहण्यासाठी भाड्याने, पावत्या आहेत. मुंबई, नागपूर किंवा तालुक्याच्या गावी काय बदलतं तेही लिहा. पागडी आणि पुनर्विकास यांचे धागे आधीच वाहताहेत, ते इथे नकोत.

दिवाणी_बाब

आधी थेट उत्तर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ (अमल ३१ मार्च २००० पासून) ज्या जागेला लागू आहे, तिथला मालक-भाडेकरू वाद कुठे चालायचा हे कलम ३३ ठरवतं. बृहन्मुंबईत लघुवाद न्यायालय. १८८७ च्या प्रांतिक लघुवाद न्यायालय कायद्याखाली जिथे असं न्यायालय स्थापन झालंय तिथे ते, उदाहरणार्थ पुणे आणि नागपूर. बाकी सगळीकडे जागा ज्यांच्या हद्दीत आहे ते दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, आणि तिथे ते पदच नसेल तर वरिष्ठ स्तर. तुमच्या पेठेतल्या खोल्यांसाठी पुण्याचं लघुवाद न्यायालय.

'लघु' या शब्दावर जाऊ नका. दाव्याची रक्कम कितीही मोठी असली तरी अधिकार याच न्यायालयाला आहे, असं कलमातच लिहिलंय. महिना साठ रुपये असो की साठ हजार, दार तेच. शिवाय दुसऱ्या कोणत्याही न्यायालयाला हा वाद चालवता येणार नाही असंही तिथेच म्हटलंय, म्हणून ग्राहक आयोगात घातलेला अर्ज फुकट जातो. करारात 'वाद मुंबईच्या न्यायालयातच चालेल' असं छापलेलं असलं तरी पुण्यातल्या खोलीचा वाद मुंबईला नेता येत नाही. लवादाचं कलमही इथे निरुपयोगी. नटराज स्टुडिओजच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये हे जुन्या मुंबई भाडे कायद्याखाली स्पष्ट केलं आणि विशेष भाडे कायद्याखालचे वाद लवादाकडे जात नाहीत हे २०२० मध्ये पुन्हा सांगितलं.

पण खरी गोम पुढे आहे. 'भाडं कमी करा' अशी एकच एक मागणी या कायद्यात नाही. त्यात वेगवेगळ्या मागण्या मिसळलेल्या असतात आणि प्रत्येकीचं कलम निराळं. मूळ भाडंच जास्त आहे म्हणायचं असेल तर प्रमाण भाडे (त्या जागेला कायद्यात बसणारं भाडं) ठरवून घेण्याचा अर्ज, कलम ८. पाणी, वीज, लिफ्ट मालकाने तोडली असेल तर कलम २९. दुरुस्ती होत नसेल तर कलम १४. जास्तीचं भाडं आधीच देऊन झालं असेल तर वसुली, कलम २०. न्यायालय तेच, अर्जातली मागणी मात्र वेगळी. 'छत गळतंय म्हणून भाडं निम्मं करा' असा मोघम अर्ज गेला की समोरचा वकील पहिल्याच तारखेला विचारतो, हे कोणत्या कलमाखाली?

धोबीतलाव

+१. मुंबईपुरती भर. लघुवाद न्यायालयाची मुख्य इमारत धोबी तलावला, लोकमान्य टिळक मार्गावर. उपनगरांसाठी वांद्र्याला शाखा आहे. इथे नंबरावरूनच प्रकार कळतो. ताबा मागणारा दावा आर.ए.ई., हक्क जाहीर करून मागणारा आर.ए.डी., आणि प्रमाण भाड्याचा अर्ज आर.ए.एन. जुन्या चाळींच्या कागदांत 'आर.ए.एन. अर्ज क्रमांक अमुक' असा उल्लेख सापडला तर तो कागद जपून ठेवा. त्या खोलीचं प्रमाण भाडं पूर्वी एकदा ठरलं असण्याची शक्यता आहे आणि मग कलम ९ आडवं येतं. सक्षम न्यायालयाने गुणदोषांवर एकदा भाडं ठरवलं असेल, त्यात लबाडी, संगनमत किंवा तथ्यांची चूक नसेल आणि नंतर बांधकामात वा सोयींत बदल झालेला नसेल, तर तोच प्रश्न पुन्हा उकरता येत नाही.

मुंबईकरांचा आणखी एक गोंधळ म्हणजे म्हाडा. उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणाऱ्या) इमारतीची दुरुस्ती हा दुरुस्ती मंडळाचा विषय आहे. भाड्याचा आकडा मंडळ ठरवत नाही. तिथे दिलेल्या तक्रारीची पोच पुरावा म्हणून कामाची, बाकी नाही.

सीताबर्डी

नागपूरकडे 'रेंट कंट्रोलरकडे जा' हा सल्ला अजून ऐकू येतो, त्याला इतिहास आहे. २००० च्या आधी विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश होता आणि मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा. दोन्हीकडे महसुली अधिकारी रेंट कंट्रोलर म्हणून बसत. पश्चिम महाराष्ट्र, मुंबई आणि कोकणात १९४७ चा मुंबई कायदा, म्हणजे तिथे पहिल्यापासून न्यायालय. १९९९ च्या अधिनियमाने तिन्ही रद्द करून एकच पद्धत आणली. तेव्हा आज छत्रपती संभाजीनगर असो की अमरावती, प्रमाण भाड्यासाठी महसूल कचेरीत जायचं नाही. जुने प्रलंबित अर्ज तेवढे जुन्या कायद्याप्रमाणे चालू राहिले.

आणि एक. हा कायदा राज्यातल्या प्रत्येक खेड्याला लागू नाही. अनुसूची एक आणि दोनमध्ये जी क्षेत्रं आहेत तिथेच. गाव त्यात नसेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि नेहमीचं दिवाणी न्यायालय. प्रमाण भाडं ही कल्पनाच तिथे नाही. गाव यादीत आहे का हे बघणं दहा मिनिटांचं काम, पण अर्ज टाकून झाल्यावर ते आठवणारे बरेच.

हिशेबनीस

प्रमाण भाडं म्हणजे किती, हे कळल्याशिवाय कोर्टाचा पत्ता घेऊन उपयोग नाही. पूर्वी कुठल्या न्यायालयाने किंवा कंट्रोलरने ठरवलेलं नसेल तर आधार तारीख १ ऑक्टोबर १९८७. त्या दिवशी जागा ज्या भाड्याने दिलेली होती ते धरायचं. त्या दिवशी भाड्याने नसेल तर त्याआधी शेवटचं जे भाडं होतं ते. त्यावर कायद्याने एकदाच ५ टक्के. पुढे कलम ११ प्रमाणे अधिनियम अमलात आल्यापासून दरसाल ४ टक्के वाढीचा मालकाला हक्क.

नमुन्यातल्या खोल्यांचं भाडं १९८७ मध्ये २०० रुपये होतं असं धरू. ५ टक्के मिळवून २१०. पुढची २५ वर्षं ४ टक्के साधी वाढ (वर्षाला ८ रुपये ४० पैसे) धरली तर ४२०. चक्रवाढीने धरली तर सुमारे ५६०. सरळ की चक्रवाढ, यावर मालक आणि भाडेकरू हमखास भांडतात, म्हणून अर्जाला दोन्ही तक्ते वर्षवार जोडा. दुसरं म्हणजे ही वाढ मागण्याचा मालकाला हक्क आहे, ती आपोआप चढत नाही. त्याने कधी मागितली, कोणत्या महिन्यापासून दिली, हे पावत्यांवरून दाखवता आलं पाहिजे.

बऱ्याच भांडणांत मूळ भाड्याबद्दल वाद नसतोच. वाद असतो मालमत्ता कर, पाणीपट्टी, दुरुस्ती उपकर यांचा. पावतीवर '१,१५०' एवढाच आकडा असेल तर आधी मालकाला लेखी पत्र देऊन फोड मागा : भाडं किती, कर किती, इतर काय. कराचा बोजा अनुज्ञेय वाढ (कायद्याने परवानगी दिलेली वाढ) म्हणून येतो आणि त्याचाही वाद कलम ८ खालीच मांडता येतो. पण 'भाडं जास्त आहे' आणि 'कराचा माझा वाटा चुकीचा काढलाय' ही दोन वेगळी म्हणणी आहेत. एका परिच्छेदात कोंबू नका.

भाडेपावती

हे फार उपयोगी. १९८७ ची पावतीच नसेल तर?

हिशेबनीस

तर महापालिकेच्या करआकारणी नोंदवहीचा त्या वर्षांचा उतारा काढा. त्या काळी करयोग्य मूल्य भाड्यावरून काढत, त्यामुळे भोगवटादाराचं नाव आणि भाडं दोन्ही सापडतं. त्याच वाड्यातल्या तेवढ्याच क्षेत्रफळाच्या शेजारच्या खोल्यांच्या पावत्याही चालतात. एवढं करूनही पुरावा पुरेसा नसेल, जागा एकेकाळी एकत्र आणि नंतर तुकड्यांत दिली गेली असेल, नाममात्र भाड्याने वा भाड्याशिवाय आणखी काही मोबदला घेऊन दिली असेल, तर न्यायालय परिस्थिती पाहून रास्त वाटेल तो आकडा ठरवतं. अशा वेळी मूल्यनिर्धारकाचा अहवाल लागतो.

खडूस_मालक

मालकांच्या बाजूनेही कुणीतरी बोलायला हवं. प्रमाण भाड्याचा अर्ज म्हणजे भाडं खालीच येणार, असं धरून चालू नका. पुरावा नसताना अर्ज केला आणि न्यायालयाने 'रास्त' आकडा ठरवला, तर तो चालू भाड्याहून जास्तही निघू शकतो. मग वर सांगितलेलं कलम ९ भाडेकरूलाच बांधतं. आणि दोन खोल्यांचं साडेतीनशे रुपये भाडं 'कमी करा' म्हणणाऱ्यांनी डिसेंबर १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल डोळ्यांखालून घालावा. जुन्या मुंबई कायद्यातलं गोठवलेलं भाडं काळाच्या ओघात मनमानी ठरलंय असं त्यात म्हटलं होतं. नवा कायदा आला त्यामागे तेही एक कारण होतं.

दिवाणी_बाब

खडूसरावांशी याबाबतीत सहमत. अर्जापूर्वी आकडा स्वतः काढा. तो चालू भाड्याच्या वर निघत असेल तर अर्ज करण्यात शहाणपण नाही.

आता अर्जाची रचना.

पक्षकार : कायद्यातली 'मालक' ही व्याख्या रुंद आहे. भाडं स्वतःसाठी किंवा दुसऱ्याच्या वतीने स्वीकारणाराही तिच्यात येतो. पण फक्त वसुली कारकुनाला प्रतिवादी करून थांबू नका. मालमत्ता पत्रकावर ज्यांची नावं आहेत ते सगळे सहमालक, आणि कुणी वारले असतील तर त्यांचे वारस, जोडा. एक वारस राहिला की समन्स परत येण्याचं आणि दुरुस्ती अर्जांचं दळण सुरू होतं. भाडेकरू मृत असेल आणि पावती अजून त्यांच्याच नावे असेल तर अर्जदाराचा हक्क कसा आला हे पहिल्याच परिच्छेदात लिहा.

जागा : नगर भूमापन क्रमांक, पालिकेचा घरक्रमांक, मजला, खोली क्रमांक, चटईक्षेत्र, चतुःसीमा, आणि जागेसोबत मिळणाऱ्या सोयी (सामाईक संडास, पाण्याची वेळ, अंगण, माळा). सोयींची यादी लोक विसरतात. पुढे कलम ९ मधला 'सोयींत बदल' सिद्ध करायला तीच लागते.

मागणी : मुख्य मागणी प्रमाण भाडं आणि अनुज्ञेय वाढ ठरवून मिळण्याची. अंतरिम मागणी, अंतिम निकालापर्यंत दरमहा किती रक्कम भरायची ते ठरवून देण्याची. सोबत पावत्यांची यादी, करआकारणी उतारा, वीज बिल, झालेला पत्रव्यवहार, प्रतिज्ञापत्र, वकीलपत्र, समन्सची फी. एकाच इमारतीतले अनेक भाडेकरू एकत्र अर्ज करू शकतात. खर्च वाटला जातो आणि पुराव्याला वजन येतं.

आणि धाग्याच्या सुरुवातीचा तो चौथा सल्ला, 'भाडं भरूच नका' : हा सगळ्यात महाग सल्ला आहे. थकबाकी झाली की मालक कलम १५ खाली लेखी मागणीची नोटीस देतो. ती मिळाल्यापासून ९० दिवस गेले की ताब्याचा दावा. तुम्ही भाडं कमी करायला निघालात आणि जागाच गेली. अशी नोटीस आल्यावर प्रमाण भाड्याचा अर्ज केला, तर कलम ८(३) प्रमाणे न्यायालय भरायची रक्कम लगेच ठरवून देतं, न्यायालयात किंवा भाडेकरूच्या मर्जीने थेट मालकाला. तो हुकूम पाळला नाही तर अर्जच निकाली निघतो. या अंतरिम हुकमावर अपील नाही.

समजा दावा झालाच. समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी, तीवर १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरला, आणि दाव्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत दरमहा भरणा चालू ठेवला, तर थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूम होत नाही. 'दरमहा चालू ठेवला' इथे लोक घसरतात. एकदा मोठी रक्कम भरली की निवांत होतात आणि चार महिन्यांनी खाडा पडतो.

नवशिका

पण मालक भाडंच घेत नसेल तर? पावती द्यायला नको म्हणून टाळतात.

धोबीतलाव

मनीऑर्डर, धनादेश किंवा बँक हस्तांतर, महिन्याचा उल्लेख करून. नाकारलेल्या मनीऑर्डरची परत आलेली पोच ही तुमची पावती. पावती देणं मालकावर कायद्यानेच बंधनकारक आहे, न देणं हा गुन्हा आहे. पण फौजदारीच्या नादी लागण्याआधी 'भाडं देऊ केलं होतं' याचा कागद दर महिन्याला तयार होतोय ना ते बघा. एक बारीक गोष्ट : वादातलं जास्तीचं भाडं भरावंच लागत असेल तर सोबत दोन ओळींचं पत्र द्या, 'आक्षेप राखून भरत आहे'. गप्प राहून वर्षानुवर्षं भरलं की समोरचा म्हणतो, यांनी मान्यच केलं होतं.

हिशेबनीस

त्यावरून कलम २०. कायद्याबाहेर दिलेलं भाडं परत मागता येतं किंवा पुढच्या भाड्यातून वळतं करता येतं. पण मुदत भरल्याच्या तारखेपासून फक्त सहा महिने. दरमहा ३०० रुपये जास्त असे १८ महिने भरले असतील तर ५,४०० नव्हे, शेवटच्या सहा महिन्यांचे १,८०० हातात. म्हणून अर्ज लांबवणं हाच तोटा.

दुरुस्तीचंही गणित करून बघा. मालकाला किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, तरी त्याने केलं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. भाडं महिना ४२० म्हणजे वर्षाचं ५,०४०, तर कपात १,२६०. वाड्याचं छत त्यात शाकारून होणार नाही. कौलं फिरवणं, नळाची तोटी, एखादं गटाराचं झाकण, इतपत काम. मोठ्या कामाला सगळ्या भाडेकरूंनी एकत्र नोटीस द्यावी, खर्च भाड्याच्या प्रमाणात विभागावा आणि बिलं मूळ स्वरूपात ठेवावीत. हिशेब आणि व्हाउचर नीट असतील तर या कलमाखाली ते मालकावर बंधनकारक ठरतात.

सीताबर्डी

पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, सफाई यांतलं काही मालकाने रास्त कारणाशिवाय तोडलं असेल तर भाड्यात कपात मागू नका, कलम २९ खाली पुरवठा पूर्ववत करण्याचा हुकूम मागा. त्याच न्यायालयात. ठरलेल्या तारखेपर्यंत मालकाने केलं नाही तर रोजचा दंड आहे. 'पाणी नाही म्हणून भाडं निम्मं देतोय' असं स्वतःच ठरवणारा भाडेकरू कलम २९ चं हातचं शस्त्र टाकून कलम १५ च्या तोंडी जातो.

नेकारकाठ

गंमत म्हणजे जर्मनीत नेमकं उलट आहे. श्टुटगार्टात लिफ्ट बंद पडली किंवा हिवाळ्यात हीटिंग गेलं तर नागरी संहितेच्या कलम ५३६ प्रमाणे भाडं कायद्यानेच आपोआप कमी होतं, परवानगी लागत नाही. फक्त दोष मालकाला लगेच कळवायचा. राहत्या घराच्या भाड्याचा वाद कितीही रकमेचा असो, घर ज्या हद्दीत आहे तिथल्या आम्ट्सगेरिश्टमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या दिवाणी न्यायालयात. करारात दुसरं शहर लिहिलं तरी चालत नाही. तिथे वकील सक्तीचा नाही. टक्केवारीचा अंदाज चुकून दोन महिन्यांच्या भाड्याएवढी थकबाकी झाली तर मात्र तडकाफडकी करार संपवता येतो. म्हणून जाणकार पूर्ण भाडं 'हक्क राखून' भरतात आणि जास्तीचं नंतर परत मागतात. इकडे नव्याने आलेल्या मराठी मंडळींनी पुण्याचा अनुभव इथे लावू नये, एवढ्यासाठी लिहिलं.

दिवाणी_बाब

आणि तिकडचा पुण्याला लावू नये, हेही. एवढं साम्य मात्र खरं की दोन्हीकडे कोर्ट ठरतं ते जागेवरून, आकड्यावरून नाही.

म्हापशेकर

गोव्याचं दोन ओळींत : १९६८ चा इमारती (भाडेपट्टा, भाडे व निष्कासन) नियंत्रण कायदा. तिथे 'रास्त भाडं' ठरवण्याचा अर्ज आधी रेंट कंट्रोलरकडे जातो, न्यायालयात नाही. सावंतवाडीचा सल्ला पेडण्यात चालत नाही.

नवशिका

माझा प्रश्न फ्लॅटचा. हिंजवडीकडे अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स आहे आणि आजूबाजूचे दर उतरलेत. कमी करून घ्यायला कुठे जायचं?

दिवाणी_बाब

कुठेच नाही, मालकाशी बोला. लायसन्सधारक म्हणजे भाडेकरू नव्हे, त्याला प्रमाण भाड्याचा हक्क नाही. 'हा खरा भाडेपट्टाच आहे' असा युक्तिवादही कलम २४ च्या (लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा परत मिळवण्याच्या) कार्यवाहीत अवघड, कारण लेखी लायसन्स करारातला मजकूर त्या कलमाखाली निर्णायक पुरावा धरला जातो. सक्षम प्राधिकाऱ्याकडे तुम्ही भाडं कमी करून मागू शकत नाही. तो मुदत संपल्यावर मालकाला ताबा देण्यासाठी आहे. मुदतीनंतर तिथे राहिलात तर नुकसानभरपाई दुप्पट दराने. त्याचं समन्स आलं तर ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र करून बचावाची परवानगी मागावी लागते, नाहीतर म्हणणं ऐकून न घेताच हुकूम होतो.

तुमच्या हातात असतं ते करारातलं नोटीस कलम. एक महिन्याच्या नोटिशीने सोडता येत असेल तर तोच वाटाघाटीचा जोर. दर कमी ठरला तर व्हॉट्सअ‍ॅपवर थांबू नका, पुरवणी करार नोंदवून घ्या. कलम ५५ प्रमाणे नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी आहे. करार नोंदलेलाच नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल तुमचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

खडूस_मालक

दुकानं आणि ऑफिसांचं राहिलं. कलम ३ प्रमाणे बँका, सार्वजनिक उपक्रम, परदेशी वकिलाती, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी वा अधिक भरणा भागभांडवल असलेल्या खासगी व सार्वजनिक मर्यादित कंपन्या यांना दिलेल्या जागा कायद्याबाहेर आहेत. तसंच शासनाच्या आणि स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागाही. अशा कंपनी भाडेकरूला 'प्रमाण भाडं' म्हणायची सोय नाही. जो करार तो करार.

धोबीतलाव

बरोबर, पण कायद्याबाहेर म्हणजे लघुवाद न्यायालयाबाहेर, असं मात्र नाही! मुंबईत १८८२ च्या प्रेसिडेन्सी लघुवाद न्यायालय कायद्याचं कलम ४१ आहे. मालक-भाडेकरू आणि लायसन्स देणारा-घेणारा यांच्यातले ताबा, भाडं, लायसन्स फी यांचे दावे, किंमत कितीही असो, तिथेच. म्हणून मोठ्या कंपनीच्या ऑफिसचा वादही धोबी तलावलाच दिसतो. पुणे-नागपूरसाठी १८८७ च्या कायद्यात महाराष्ट्राने अशीच तरतूद घातली आहे. जिथे लघुवाद न्यायालयच नाही तिथे कायद्याबाहेरच्या जागांचा दावा किमतीप्रमाणे दिवाणी न्यायालयात.

भाडेपावती

आग, पूर, किंवा पालिकेने धोकादायक म्हणून अर्धा वाडा उतरवला तर? तेव्हा तरी भाडं कमी होतं का?

दिवाणी_बाब

मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८(ई) लोक दाखवतात, पण ते नीट वाचा. जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला तर भाडेपट्टा संपवायची निवड भाडेकरूला आहे. प्रमाणात भाडं कमी करा, असं त्यात नाही. टाळेबंदीच्या काळात हाच मुद्दा निघाला तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये म्हटलं की तात्पुरतं दुकान उघडता न येणं म्हणजे जागा नष्ट होणं नव्हे. तेव्हा कलम १०८(ई) ला हात घालण्याआधी विचार करा, जागा सोडायची असेल तरच ते कामाचं. पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलंय. अर्धाच वाडा उतरवला असेल तर मात्र बांधकाम आणि सोयी बदलल्या, म्हणजे पूर्वी भाडं ठरलेलं असलं तरी कलम ९ चा अडसर दूर होतो आणि कलम ८ चा अर्ज पुन्हा उघडतो. पाडण्याआधीचा पंचनामा, मोजमाप आणि फोटो त्यासाठी हवेत. राडारोडा उचलल्यावर चटईक्षेत्र सिद्ध करणं कर्मकठीण.

सीताबर्डी

चुकीच्या कोर्टात अर्ज गेलाच तर काय, हे कुणी लिहिलं नाही. दावा फेटाळला जायची वाट बघू नका. अधिकारक्षेत्र नाही असं ठरलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम १० खाली दावा योग्य न्यायालयात सादर करण्यासाठी परत मिळतो. नियम १०-अ खाली कुठल्या न्यायालयात, कोणत्या तारखेला हजर व्हायचं तेही तिथेच ठरवून मागता येतं. चांगल्या हेतूने चुकीच्या ठिकाणी गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली वगळून मागता येतो. मात्र अधिकारच नसलेल्या न्यायालयात दोघांनी संमतीने निकाल घेतला तरी तो टिकत नाही, कारण संमतीने अधिकार निर्माण होत नाही.

अपील : मुंबईत लघुवाद न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाकडे, इतरत्र जिल्हा न्यायालयात, ३० दिवसांत. नुसत्या प्रमाण भाड्याच्या अर्जावरच्या हुकमाला अपील नाही, पुनरीक्षण आहे, तेही याच ठिकाणी. 'अपील' असं शीर्षक देऊन पुनरीक्षण दाखल केलं की कार्यालयाची हरकत निघते आणि महिना जातो.

भाडेपावती

शेवटचं. ९० दिवस दोन ठिकाणी आलेत. मोजायचे कधीपासून? आणि शेवटच्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल तर?

दिवाणी_बाब

दोन वेगळे घड्याळ आहेत. पहिले ९० दिवस मालकाची मागणीची नोटीस बजावल्यापासून, त्याआधी तो दावा करू शकत नाही. दुसरे ९० दावा दाखल झाल्यावर समन्स तुमच्यावर बजावल्यापासून, त्यात भरणा. नोटीस घरच्या कुणी घेतली तरी ती बजावली गेली असं धरलं जाऊ शकतं, त्यामुळे पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहून पाकीटही ठेवा.

कोर्ट बंद असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी भरता येतं. पण न्यायालयातला भरणा म्हणजे काउंटरवर नोटा मोजणं नव्हे. आधी परवानगीचा अर्ज, त्यावर हुकूम, मग चलन, मग नाझर किंवा बँक. चार टेबलं. व्याजाचा आकडा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. समन्स हातात पडल्यावर साठाव्या दिवसाच्या आत हे आटपा, आणि व्याज पूर्ण महिन्याचं धरून पाच-पन्नास रुपये जास्तच भरा. कमी पडलेल्या चाळीस रुपयांवर वाद घालणारे मालक असतात.

खडूस_मालक

असतात.